यंत्राची जागा कोण ठरवतं?



तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या वस्तीत काम करते ती तालुक्याच्या गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे आहे. वस्तीच्या तोंडाशी, हमरस्त्यावरच्या एका गाळ्यात एका बँकेचं एटीएम होतं. बँकेची शाखा गावात बाजारपेठेत, इथे नुसतं यंत्र. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या बचत गटातली एक बाई पैसे काढून बाहेर पडली. मोटारसायकलवरून आलेल्या दोन मुलांनी तिच्या हातातली पिशवी ओढली. ती रस्त्यावर पडली, मनगट मोडलं, गटाच्या हप्त्याचे पैसे गेले ते गेलेच. गाळ्यातला दिवा महिनाभर बंद होता. पहारेकरी तर तिथे कधी नव्हताच.

आम्ही चवताळून उठलो. चाळीसएक जणी बँकेत गेलो आणि निवेदन दिलं. ते मीच लिहिलं होतं. 'चोवीस तास पहारेकरी नेमा, नाहीतर हे असुरक्षित एटीएम बंद करा,' असं त्यात ठणकावून म्हटलं होतं. व्यवस्थापकांनी आम्हाला बसवलं, चहा पाजला, निवेदनावर शिक्का मारून पोच दिली. पंधरा दिवसांत बँकेने आमची मागणी मान्य केली. म्हणजे दुसरी. यंत्र उचललं, शटर ओढलं. आज त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे.

आता आमच्या बायकांना पैसे काढायला गावात जावं लागतं. जाऊन-येऊन पाच किलोमीटर, रिक्षाला चाळीस रुपये. तिथे यंत्रं दोन. एक शाखेच्या आवारात, ते शाखेबरोबरच बंद होतं. दुसरं बसस्टँडसमोर, परमिट रूमच्या जिन्याखाली. गटाच्या बैठकीत आमच्या एक मावशी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही आमच्यासाठी मागायला गेला होता, का आमचं होतं ते द्यायला?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. हे संपादकीय मी त्या प्रश्नापोटी लिहिते आहे. कारण आमची चूक शब्दांची नव्हती. यंत्र कुठे असावं हे कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि ते आपल्याला ठरवता येईल का, हे आम्ही स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. रेशन दुकान कुठे असावं यावर आपण भांडलो, पाण्याचा नळ कुठे असावा यावर भांडलो, दारूचं दुकान कुठे नसावं यावर तर गावंच्या गावं उठली. पण पैशाचं यंत्र म्हणजे बँकेचा खासगी कारभार, असं आपण गृहीत धरून चाललो.

आपल्या देशात पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत एका परदेशी बँकेने बसवलं. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. आज देशात अशी सुमारे अडीच लाख यंत्रं आहेत, आणि त्यांच्यापुढे उभी राहणारी बाई बदलली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना सुरू झाली. ऑगस्ट २०२५ पर्यंत तिच्यातली खाती ५६ कोटींवर गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक बायकांची होती. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये आले ते बायकांच्याच जनधन खात्यांवर. आपल्या राज्यात जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे दीड हजार रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, रोजगार हमीची मजुरी, विद्यार्थिनींच्या शिष्यवृत्त्या, सगळं खात्यात. या योजनांच्या राजकारणाबद्दल आपले मतभेद आहेत आणि ते राहोत. पण एक गोष्ट खरी, की सरकारने बाईचा पैसा खात्यात नेऊन ठेवला. तिथून तो तिच्या हातात कसा यायचा, याची काळजी मात्र कुणी घेतलेली नाही.

मग नियम काय आहेत? आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं, की नियम नाहीत असं मुळीच नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे बँकेला नव्या जागी कारभार सुरू करायचा असेल किंवा असलेली जागा बदलायची असेल, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. शाखेबाहेर एटीएम बसवायलाही अशी परवानगी घ्यावी लागत असे. जून २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनुसूचित व्यापारी बँकांना दर वेळी वेगळी परवानगी न घेता अशी यंत्रं बसवायची मोकळीक दिली. मोकळीक देताना एक वाक्य मात्र राखून ठेवलं : गरज वाटली तर असं यंत्र बंद करण्याचा किंवा दुसरीकडे हलवण्याचा आदेश रिझर्व्ह बँक देऊ शकेल. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

मोकळीक मिळाल्यावर बँकांनी जागा कशा निवडल्या असतील हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. गाळ्याचं भाडं किती, वीज आणि जोडणी आहे का, दिवसाला व्यवहार किती होतील, हा तो हिशेब. त्यामुळे शहरातल्या एकेका चौकात चार-चार यंत्रं झाली आणि खेड्यांच्या वाट्याला फार थोडी आली. हे रिझर्व्ह बँकेच्याही ध्यानात आलं. जून २०१२ मध्ये बँकेतर कंपन्यांना एटीएम उभारायला परवानगी देण्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत प्रथमच 'कुठे' हा शब्द नियमात आला. तीन प्रकार ठरवून दिले. पहिल्या प्रकारात कंपनीने पहिल्या वर्षी किमान एक हजार यंत्रं बसवायची आणि मोठ्या गावात एक बसवलं तर लहान गावांत तीन. दुसऱ्यात दरवर्षी किमान पाच हजार, आणि मोठ्या गावात एकामागे लहान गावांत दोन. तिसऱ्यात पहिल्या वर्षी पंचवीस हजार, तिथे प्रमाण एकास एक. लहान गाव म्हणजे पन्नास हजारांहून कमी वस्तीचं. शिवाय लहान गावांच्या वाट्यातली किमान दहा टक्के यंत्रं दहा हजारांहून कमी वस्तीच्या गावांत असावीत, अशीही अट होती. या योजनेतलं देशातलं पहिलं यंत्र जून २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या चंद्रपाडा गावी बसलं.

ही अट चांगली होती हे आपण मोकळेपणाने म्हणू या. 'जिथे नफा तिथे यंत्र' हे तत्त्व सरकारी नियमाने मोडता येतं, एवढं तिने दाखवून दिलं. पण यंत्रं अपेक्षेपेक्षा फारच कमी बसली. कारण साधं आहे. या कंपन्यांची मुख्य कमाई म्हणजे दर वेळी पैसे काढल्यावर खातेदाराच्या बँकेकडून मिळणारं शुल्क. २०२१ पर्यंत ते पंधरा रुपये होतं. लहान गावात दिवसाला पुरेसे व्यवहार झाले नाहीत, की भाडं आणि वीजबिलही सुटत नाही. नियमाने कंपनीला खेड्याकडे पाठवलं, पण तिथे टिकण्याचा खर्च कुणी उचलायचा हे सांगितलं नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक उणीव मोठी आहे. या सगळ्या मोजणीत माणसं आहेत, बाई नाही. पाच हजारांच्या गावात यंत्र बसलं, की कागदावर त्या पाच हजारांची सोय झाली. ते पेट्रोल पंपावर असो, पुरुषांचा अड्डा असलेल्या तिठ्यावर असो, की परमिट रूमच्या जिन्याखाली असो. पुरुषाच्या हिशेबाने ते 'गावात' आहे. बाईच्या हिशेबाने ते आहे की नाही, हे वेळ कोणती, दिवा आहे का, बाजूला कोण उभं असतं आणि परत यायला वाहन मिळेल का, यावर ठरतं. अंतर दोघांना सारखं नसतं, हे आपण शौचालयाच्या प्रश्नावर शिकलो आहोत. तेच इथे आहे.

आता दुसरी बाजू पाहा. पैशाच्या सुरक्षिततेचे नियम किती बारकाईने केलेले आहेत! केंद्रीय गृहखात्याने ऑगस्ट २०१८ मध्ये नियम काढले, ते फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले. शहरात रात्री नऊनंतर, ग्रामीण भागात संध्याकाळी सहानंतर आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी चारनंतर यंत्रात पैसे भरायचे नाहीत. रोकड नेणाऱ्या गाडीत चालकाशेजारी एक आणि मागे एक असे दोन सशस्त्र रक्षक हवेत. जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की विमानतळासारख्या कडक बंदोबस्ताच्या जागा सोडल्या तर प्रत्येक यंत्र भिंतीला, खांबाला किंवा जमिनीला घट्ट जखडलेलं असलं पाहिजे. ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र महिन्यात एकूण दहा तासांहून जास्त वेळ रिकामं राहिलं तर दहा हजार रुपये दंड सुरू झाला.

या नियमांना माझा विरोध नाही. रोकड नेणारे कामगार लुटले जातात, मारले जातात, त्यांना संरक्षण हवंच. पण एवढं लक्षात घ्या, की संध्याकाळी सहानंतर गावातला रस्ता पैशासाठी धोक्याचा आहे हे सरकारने लेखी कबूल केलं. शेतावरून, कारखान्यातून, घरकामावरून परतणाऱ्या बाईला यंत्रापर्यंत जायला सवड मिळते ती सहानंतरच. बंदूकधाऱ्यांसह जी नोट सहानंतर हलवायची नाही, तीच नोट ब्लाउजमध्ये खोचून बाईने एकटीने घरी आणायची. तिच्यासाठी कोणत्या नियमात काय लिहिलंय?

सुरक्षेचा प्रश्न बायकांच्या नावाने एकदा देशभर गाजला होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये बंगळूरला कॉर्पोरेशन सर्कलजवळच्या एटीएममध्ये सकाळी सातच्या सुमाराला एक बाई पैसे काढायला गेली. ती स्वतः बँकेत नोकरीला होती. एक माणूस आत शिरला, त्याने शटर खाली ओढलं आणि तिच्यावर कोयत्याने वार केले. रक्तात पडलेल्या तिच्याकडे लोकांचं लक्ष गेलं ते बऱ्याच वेळाने. ती वाचली. कॅमेऱ्यातलं ते चित्रण देशभर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. हल्लेखोर २०१७ मध्ये सापडला आणि २०२१ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतर जे झालं ते आपल्या वस्तीतल्या गोष्टीशी ताडून पाहा. कर्नाटक सरकारने बँकांना बजावलं, की काही दिवसांत सगळीकडे पहारेकरी नेमा, नाहीतर यंत्रं बंद करा. मुदत संपल्यावर अनेक एटीएमना टाळं लागलं. मग पहाऱ्याचा खर्च परवडत नाही, यंत्रं चालवणं महाग पडतं, अशी मांडणी बँकांनी सुरू केली. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्णय जाहीर केला आणि नोव्हेंबर २०१४ पासून मुंबईसह सहा महानगरांत दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून महिन्याला पाचऐवजी तीनच व्यवहार फुकट राहिले. त्यापुढचं शुल्कही चढत गेलं. मे २०२५ पासून ते एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत आलं. बाईवरच्या हल्ल्यापासून सुरू झालेली चर्चा बघता बघता बँकांच्या खर्चावर आली, आणि त्या खर्चातला वाटा ग्राहकाने, म्हणजे तिनेही, उचलायचा ठरला. बाईच्या सुरक्षेसाठी म्हणून जे जे बंद होतं, त्याची किंमत बाईच देते. वसतिगृहाचं दार सातला बंद होतं, रात्रपाळी बंद होते, तसंच हे.

पहारेकऱ्याबद्दलही आपल्या गटात एकमत नाही, आणि ते मी इथे नोंदवते. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, रात्री त्या काचेच्या खोलीत एकटा अनोळखी पुरुष बसलेला असेल, तर आम्ही तिथे जाणारच नाही. दुसऱ्या एकीचा नवरा असाच पहारेकरी आहे. बारा तासांची पाळी, ठेकेदाराकडून तुटपुंजा पगार, लघवीला जायलाही जागा नाही. ती म्हणाली, त्याला कोण राखणार? हा प्रश्न एका माणसाला काठी देऊन खुर्चीत बसवल्याने सुटणारा नाही. मुळात जागाच अशी हवी, की जिथे येता-जाता माणसांची नजर आहे, उजेड आहे आणि बाईचं जाणं-येणं आधीपासून आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येते. यंत्र लांब गेल्यावर आमच्या वस्तीत काय बदललं? पैसे काढणं थांबलं नाही. बायकांनी पैसे काढणं थांबलं. कार्ड नवऱ्याकडे गेलं, मुलाकडे गेलं, दिराकडे गेलं. मी घरोघर फिरून विचारलं तेव्हा कित्येकींच्या कार्डाच्या पाकिटावर आतल्या बाजूला पेनने चार आकडे लिहिलेले सापडले. "तोच जातो ना गावात, मग त्यालाच दिलं." किती काढले ते कळतं का? "तो सांगतो तेवढं." मोबाइल नंबरही त्याचाच, म्हणून संदेश त्यालाच. दीड हजारातले हजार हातात येतात, पाचशे 'मशीननेच कापले' असं एकीला सहा महिने सांगितलं जात होतं. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, मशीनने काही कापलं नव्हतं.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ ही हिंसा मानलेली आहे. बाईचा हक्काचा पैसा तिच्यापासून रोखून धरणं हा त्यातलाच प्रकार. पण यंत्र पाच किलोमीटरच्या फेऱ्यावर नेऊन ठेवलं, की कुणी काही हिसकावून न घेताही तेच घडतं. ती स्वतःच्या हाताने कार्ड देते. घरात भांडण नाही, मारहाण नाही, तक्रार नाही. खातं तिच्या नावाचं, पैसा त्याच्या खिशात.

आणि फटका बसला तर कायदा तिच्या बाजूने उभा राहतो का? बंगळूरचंच आणखी एक प्रकरण आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या एका बाईने आपलं कार्ड आणि क्रमांक देऊन नवऱ्याला पंचवीस हजार रुपये काढायला पाठवलं. यंत्राने पावती दिली, पैसे दिले नाहीत, खात्यातून मात्र वजा केले. बँकेशी भांडण, ग्राहक मंच, असं करत २०१८ मध्ये निकाल लागला तो तिच्या विरोधात. गुप्त क्रमांक दुसऱ्याला, अगदी नवऱ्यालाही, देऊन तिने नियम मोडला, असं ठरलं. नियमाच्या भाषेत ते बरोबर असेल. पण घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या ओल्या बाळंतिणीने काय करायला हवं होतं, हे तो नियम सांगत नाही. एकीकडे यंत्र तिच्या आवाक्याबाहेर ठेवायचं आणि दुसरीकडे कार्ड दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून तिलाच जबाबदार धरायचं, हा दुहेरी मार आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, आता एटीएम हवंच कशाला? बँक मित्र आहे, अंगठा लावून पैसे मिळतात, फोनवरून व्यवहार होतात. ते सगळं असावं. पण बँक मित्र बहुतेक वेळा गावातलाच दुकानदार असतो. कुणाच्या खात्यात किती आहेत ते त्याला कळतं, आणि त्याच्या ओट्यावर बसलेल्या चौघांनाही. त्याचं दुकान त्याच्या सोयीने उघडतं. फोन तर कितीतरी घरांत पुरुषाच्याच ताब्यात असतो. आमच्या गटातल्या एका तरुण मुलीने मला फार साध्या शब्दांत सांगितलं, "ताई, मशीन विचारत नाही, कशाला काढतेस म्हणून." माहेरी जायच्या भाड्यासाठी, दवाखान्यासाठी, कधी घर सोडून निघायची वेळ आली तर त्यासाठी, न विचारता आपलेच पैसे हातात देणारी एखादी जागा बाईला लागते. आमच्या वस्तीच्या तोंडाशी ती होती. आणि आमच्याच निवेदनाने ती गेली.

जागेबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, अशी शंका घेऊ नका. आपल्याच राज्यात दारूच्या दुकानाने शाळेपासून, देवळापासून किती लांब असावं याचे नियम आहेत, आणि गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची तरतूदही आहे. ती कुणी भेट दिली नाही, बायकांनी लढून घेतली. एटीएमपुरतं बोलायचं तर अपंगांच्या चळवळीचा धडा आपल्यासमोर आहे. एप्रिल २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएमना उतरते मार्ग करायला सांगितलं आणि नव्या यंत्रांपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी, ब्रेल कळांची असावीत अशी सूचना दिली. जुलै २०१४ पासून तर प्रत्येक नवं यंत्र तसंच असावं असं ठरलं. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय. पण यंत्रापर्यंत कोण पोचू शकतं हा नियमाचा विषय आहे, हे तत्त्व त्यांनी मान्य करून घेतलं. आपल्याला त्यापुढचं पाऊल टाकायचं आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून असे नियम लागू झाले, की शाखा किंवा रोकड मिळण्याची सोय बंद होणार असेल तर त्या भागात काय उणीव राहील याची मोठ्या बँकांनी पाहणी करायची आणि मोठी उणीव असेल तर ती भरून काढायची. लोकांनी मागणी केली तरी अशी पाहणी करावी लागते. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहान गावांच्या प्रश्नांवर हे होऊ शकतं, तर इथल्या कोट्यवधी बायकांसाठी का नाही?

आमच्या गटाने या वेळी निवेदन घाईने लिहिलं नाही. चार बैठका झाल्या. त्यांतून पुढच्या मागण्या निघाल्या. तुमच्या गटांत त्यांवर चर्चा व्हावी म्हणून इथे देत आहोत.

१. सुरक्षिततेचं कारण सांगून कुठलंही यंत्र बंद करता येणार नाही. जवळ पर्यायी यंत्र सुरू झाल्यावरच जुनं हलवावं, आणि तशी सूचना किमान दोन महिने आधी त्या जागी मराठीत लावावी.

२. नवी जागा ठरवताना आणि जुनी सोडताना गावात महिला ग्रामसभेचं आणि शहरात त्या वस्तीतल्या बायकांच्या गटांचं मत लेखी घ्यावं.

३. जागेच्या किमान अटी ठरवाव्यात. रस्त्यावरून आतलं दिसणारी काच, आत आणि बाहेर दिवा, वापरात असलेली वाट. रेशन दुकान, आरोग्य केंद्र, शाळा, एसटी थांबा यांच्या जवळची जागा आधी पाहावी. दारूच्या दुकानाशेजारी किंवा जिन्याखाली यंत्र नको.

४. यंत्रांची गरज केवळ लोकसंख्येवरून न ठरवता, थेट अनुदान जमा होणारी बायकांची खाती कोणत्या भागात किती आहेत, यावरून ठरवावी.

५. प्रत्येक यंत्रातून बायकांच्या खात्यांवरचे व्यवहार किती आणि कोणत्या वेळी होतात, याची माहिती बँकेकडे असतेच. व्यक्तींची नावं न देता ती दरवर्षी जाहीर करावी.

६. लहान गावांतल्या यंत्रांचा तोटा भरून काढण्यासाठी बँकांनी मिळून निधी उभारावा. जिथे स्वतःच्या बँकेचं यंत्रच जवळ नाही, तिथे मूलभूत बचत खात्यांवर दुसऱ्या यंत्राच्या वापराचं शुल्क लावू नये.

पाचव्या मागणीबद्दल एक इशारा. खातं बाईचं असलं तरी कार्ड चालवणारा हात कुणाचा, हे आकड्यांत दिसणार नाही. ते शोधण्याचं काम आपलंच आहे.

निवेदन कुठे द्यायचं? शाखेत देऊन थांबू नका, आम्ही तीच चूक केली. १९६९ पासून चालत आलेल्या अग्रणी बँक योजनेखाली प्रत्येक जिल्ह्यात बँकांची सल्लागार समिती असते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा आणि विषय बैठकीत घ्यायला लावा. राज्यस्तरीय बँकर्स समितीचं निमंत्रकपद आपल्याकडे बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे, एक प्रत तिथे पाठवा. आणि एक प्रत रिझर्व्ह बँकेला, यंत्र बंद करण्याचा किंवा हलवण्याचा आदेश देण्याचा जो अधिकार तिने २००९ मध्ये स्वतःकडे ठेवला त्याची आठवण देऊन. बसस्टँडसमोरचं ते जिन्याखालचं यंत्र हलवून द्या, असं आम्ही याच आधारावर मागितलं आहे.

त्याआधी मात्र एक काम करा. येत्या महिन्यात गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून आपल्या भागातल्या यंत्रापर्यंत चालत जा. एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी सातला. किती मिनिटं लागली, दिवे किती होते, वाटेत कुठे पाय अडखळला, तिथे किती बायका दिसल्या, हे वहीत लिहा. परत आल्यावर प्रत्येकीला विचारा, तुझं कार्ड आत्ता कुणाकडे आहे? उत्तरं आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती एकत्र छापू आणि त्यांच्या जोरावर पुढचं पाऊल ठरवू.

आमचं नवं निवेदन मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं. "बंद करा" हा शब्द कुठे आला नाही ना, याची खात्री करून घेतली आणि मग सही केली.

आपली,
संपादक